आप्पांचा टपालडबा

आमच्या सावेडीच्या कॉलनीत ई-मेल वाचणारे पुष्कळ आहेत. पण उभ्यानं, आणि तेही डोलत डोलत ई-मेल वाचणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच. आप्पा भिंगारदिवे.

डोलणं म्हणजे थोडंथोडकं नव्हे. दोन्ही पाय फाकवून, गुडघे सैल सोडून, डावा हात भिंतीतल्या खुंटीला आणि उजवा माउसवर, असे आप्पा उभे राहतात आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झोके घेत मेल वाचतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं भूकंप झाला. मी चौकट धरली. समोरच्या कुलकर्णीवहिनींच्या ओट्यावरून आप्पांची खिडकी सरळ दिसते. त्यांना म्हणे गाडी लागते. त्या उलटीची गोळी घेऊन मगच फोडणी टाकतात.

याचं कारण असं की आप्पांनी सारा जन्म दौंड-मनमाड मार्गावर, रेल्वेच्या टपालडब्यात काढला. सॉर्टर होते. चालत्या गाडीत खान्यांच्या कपाटापुढं उभं राहायचं, पत्राचा पत्ता बघायचा आणि नेमक्या खान्यात भिरकवायचं. पुढे आप्पा निवृत्त झाले, डबाही बंद झाला. पण गाडी काही आप्पांच्या पायातून उतरली नाही. लांबलचक मेल असली तर ती वाचताना विसापूरच्या वळणावर आप्पा डावीकडं इतके कलतात की आपला हात आपोआप पुढं जातो.

कॉम्प्युटर त्यांनी सुताराकडून छातीएवढं उंच लाकडी घडवंचीसारखं काहीतरी करून घेऊन त्यावर बसवलाय. त्या खोलीत खुर्ची नाही. स्टूल नाही. बादली उपडी घालून बसावं म्हटलं तर बादलीही नाही. "खुर्ची आली की झोप आली," आप्पा म्हणतात, "आणि झोप आली की चुकीची रवानगी आली."

आता या सगळ्यात मी कुठं येतो? मी बापडा दूध संघाच्या कचेरीत कारकून. एकदा, फक्त एकदा, कॉलनीतल्या कुणाच्या तरी मुलीचा फोटो फॉर्मात मावत नव्हता तो मी लहान करून दिला. एकदा अंगणातला विंचू मारला म्हणून आयुष्यभर गारुडी ठरावं, तशी माझी गत झाली. तेव्हापासून मी कॉम्प्युटरवाला. सकाळी पहिला घोट चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच कंपाउंडच्या भिंतीवरून हाक येते,

"बाळ्याऽऽ! डाक अडकली!"

माझं नाव बाळासाहेब. वय पंचेचाळीस. कचेरीत शिपाई मला साहेब म्हणतो. भिंतीपलीकडं मी बाळ्या.

"जा," आमची मंदा कपबशी उचलत म्हणते, "सासरचं बोलावणं आलं."

आप्पांना जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वर्गवारी. भाजी आणली की वांगी, गवार, भेंडी अशी लागत नाहीत. वांबोरीची, राहुरीची, बेलापूरची अशी लागतात. रविवारी विहारात वंदनेला गेले तर बाहेरच्या चपलांची ही अस्ताव्यस्त रास त्यांना बघवत नाही. वंदना संपायच्या आत हळूच उठून ते सगळ्या चपला गल्लीवार लावतात. पहिल्या गल्लीच्या या भिंतीशी, दुसऱ्या गल्लीच्या त्या. परिणाम असा होतो की जिथं काढली तिथं कुणालाच आपली चप्पल सापडत नाही. एकदा एक पाहुणे, कुठल्याच गल्लीत न बसणारे, अनवाणी एसटी स्टँडला गेले. आप्पांचं म्हणणं, "त्यांनी पत्ता अपुरा दिला होता."

काम संपलं की त्यांचं एकच वाक्य. "बॅग बंद!" जेवण झालं, बॅग बंद. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, बॅग बंद. मुलाच्या लग्नात अक्षता पडल्यावर सुद्धा ते हेच म्हणाल्याचं त्यांच्या पत्नी शांताकाकू शपथेवर सांगतात.

हा मुलगा, प्रशांत, पुण्यात कॉम्प्युटरमध्येच आहे. त्यानंच हे लचांड आणलं. एका दिवाळीत आपला जुना कॉम्प्युटर आणून बसवला आणि म्हणाला, "आप्पा, यात लिनक्स टाकलंय. याला व्हायरस लागत नाही, आणि हे कुणा एकाच्या मालकीचं नाही."

आप्पा भारावले. "कुणाच्या मालकीचं नाही म्हणजे सगळ्यांचं. हे खरं. शिवाय निर्व्यसनी."

लिनक्सच्या खुणेचं ते काळ्या कोटाचं, पांढऱ्या छातीचं पेंग्विन पाखरू त्यांनी बघितलं आणि त्याचं नाव 'वकीलसाहेब' ठेवलं. कॉम्प्युटर बंद पडला की, "बाळ्या, वकीलसाहेब आज उभे राहिनात." मी कचेरीत असताना फोनवर हे वाक्य ऐकून आमच्या मॅनेजरनी मला दोनदा बाजूला घेऊन विचारलं, कोर्टाचं काही लफडं आहे का.

प्रशांतनं जाताना त्यात ई-मेलचा एक प्रोग्राम बसवून दिला. मोबाईलवरही मेल बघता येते हे त्यानं सांगून पाहिलं. आप्पा उसळले. "मोबाईलवर पत्र वाचायचं म्हणजे पोस्टमनला रस्त्यात गाठून त्याच्या पिशवीत तोंड घालायचं. टपाल घरी आलं पाहिजे. खान्यात पडलं पाहिजे. मग वाचायचं."

आणि खाने त्यांनी केले! त्या प्रोग्रामच्या डाव्या अंगाला आप्पांनी ओळीनं फोल्डर उघडले. दौंड, काष्टी, बेलवंडी, विसापूर, नगर, वांबोरी, राहुरी, बेलापूर, चितळी, पुणतांबा, कोपरगाव, येवला, मनमाड. एकेका स्टेशनाच्या नावानं तिथं राहणारा एकेक जुना सोबती. कुणाचं पत्र आलं की प्रोग्रामनं ते आपोआप त्याच्या खान्यात टाकायचं, असे नियमही त्यांनी स्वतः लावले. मला आजवर ते जमलेलं नाही, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मी एकदा विचारलं, "आप्पा, निम्म्याहून जास्त खाने रिकामे आहेत की. काढून टाकू?"

"काष्टीचे गेले. बेलवंडीच्यांना मुलीनं नेलं. मनमाडच्यांना आता काही आठवत नाही," आप्पा डोलत डोलत म्हणाले. "पण खाना काढायचा नसतो. माणूस जातो, स्टेशन तिथंच असतं."

शेवटी चालू खाना एकच उरला. पुणतांब्याचे शेखसाहेब.

शेखसाहेब म्हणजे टपालडब्यातले आप्पांचे शेजारी. एका कपाटापुढं दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. आता गोदावरीकाठी सुनेच्या हातचं खाऊन असतात. कानानं ठार. फोनवर त्यांच्याशी बोलणं म्हणजे आडात तोंड घालून ओरडणं. आपलाच आवाज परत येतो. त्यामुळं दोघांचं सगळं बोलणं लेखी. रोज सकाळी पुणतांब्याहून एक मेल यायची आणि आप्पा तिला उत्तर द्यायचे. आणि त्या उत्तरात काय असायचं? भांडण! अमक्या साली पुरात गाडी कुठं अडकली होती, तमक्या इन्स्पेक्टरला चहा कुणी पाजला होता, यावरून हे दोन म्हातारे रोज एकमेकांना कायदेशीर भाषेत झोडपत. सकाळी आप्पांच्या खोलीतून "थापा! निव्वळ थापा!" असा आवाज आला की कॉलनी घड्याळं लावायची.

जानेवारीत या भांडणाचा कळस झाला. विसापूरला उतरवायची एक बॅग एकदा दौंडपर्यंत गेली होती. त्या वेळी कपाटापुढं झोपलं कोण होतं? आप्पांनी शेखसाहेबांना मुद्देसूद मेल लिहिली. ती मला वाचून दाखवली. तिच्यात "सबब" हा शब्द इतक्यांदा आला होता की मला डुलकी लागली, उभ्या उभ्या. शेवट असा होता : "सबब, सदर प्रसंगी आपणच झोपला होतात, याची लेखी कबुली द्यावी व पोच पाठवावी."

पोच आली नाही.

एक दिवस गेला, आठवडा गेला, महिना गेला. आप्पा रोज मेल उघडायचे. आधी "नाक खाली आलंय त्यांचं" म्हणून खुशीत होते. मग खुशी ओसरली. मग मार्चमध्ये आणखी एक झालं. तो प्रोग्रामच बिघडला. शेखसाहेबांचं तर सोडा, जाहिराती सुद्धा यायच्या बंद झाल्या.

"बाळ्याऽऽ! डाक अडकली!"

इथून पुढं माझ्या हालअपेष्टांना सुरुवात होते.

पहिल्या दिवशी गेलो तर प्रोग्राम म्हणतो, मी आधीच चालू आहे, पण मी उत्तर देऊ शकत नाही. म्हटलं ही काय तऱ्हा! बायको सुद्धा रुसल्यावर असंच म्हणते, पण निदान समोर दिसते. शेवटी प्रशांतला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आप्पा कॉम्प्युटर नीट बंद करत नाहीत. ड्युटी संपली की सरळ मेन स्विच खाली. प्रोग्रामनं आत घातलेलं कुलूप तसंच राहतं. ती कुलपाची फाईल काढून टाका."

ती काढायला एक काळीकुट्ट खिडकी उघडायची. तिच्यात इंग्रजी ओळ लिहायची. मग ती पासवर्ड मागते, आणि तुम्ही पासवर्ड लिहिलात तरी पडद्यावर एक टिंब उमटत नाही. एक टिंब नाही! मी लिहितोय, पुन्हा लिहितोय, शेजारी आप्पा डोलतायत.

"लिहितोयस का नुसता बोटं आपटतोयस?"

"लिहितोय आप्पा. ते दिसत नाही."

"न दिसणारी शाई?"

"तसंच समजा."

"मग बरोबर लिहिलं हे कसं कळणार?"

हे मला आजतागायत कळलेलं नाही. चार वेळा चुकल्यावर पाचव्यांदा लागलं. कुलूप निघालं, प्रोग्राम उघडला. टपाल? शून्य.

दुसऱ्या दिवशी मी पासवर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी केबलवाल्याला बोलावला. त्यानं सगळ्या वायरी ओढून पाहिल्या, एक तोडली, ती जोडली आणि नेट झकास आहे म्हणून सांगून चहा पिऊन गेला. चौथ्या दिवशी अख्खा प्रोग्राम काढून परत घातला. दर वेळी तेच. मधे एक इंग्रजी सूचना टपकन पुढं यायची, मी ती न वाचता खाली दाबायचो आणि आणखी पुढं जायचो. सूचना वाचणं हे कॉम्प्युटरवाल्याला शोभत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

आणि हे सगळं उभ्यानं! माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. कचेरीत मी खुर्चीत बसलो की खुर्ची मला डोलल्यासारखी वाटायची. रविवारी दाढी करताना मी आरशापुढं झोके घेतोय हे मंदानं बघितलं आणि ती घाबरून माहेरी फोन लावायला गेली.

"आप्पा," मी एकदा वैतागून म्हणालो, "सरळ शेखसाहेबांच्या सुनेला फोन करा ना! विचारा, सासरे कसे आहेत. नंबर आहे का?"

"आहे. पाठ आहे."

"मग?"

"भांडण लेखी आहे. तडजोडही लेखीच होईल."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. काकू मूळच्या पाथर्डीकडच्या, आवाज रानात घुमणारा. "आवं लावा की फोन! त्ये मानूस हाय का न्हाई त्ये तरी कळंल! दोन टाईम निस्ता भाकरी चिवडतोय ह्यो मानूस, आन् म्हनं लेखी!"

"तुला टपालातलं काय कळतं?"

"टपालातलं न्हाई कळत, पर भाकरीतलं कळतं!"

आप्पांनी खुंटी सोडली. माझ्याकडं वळून खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ्या, बघ ना. एखादं आतल्या आत अडकलं असेल. एखादंच."

माझा सगळा राग त्या 'एखादंच' मध्ये विरघळला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमा झाला.

एप्रिल लागला. डांबरावर पाय ठेवला की चप्पल मागं राहू लागली. कॉलनीत जयंतीची तयारी सुरू झाली आणि आप्पा विहारातल्या बैठकीला गेले, म्हणून त्या दिवशी मी खोलीत एकटाच. कुणी शेजारी डोलत नाही म्हटल्यावर माझं डोकं थोडं स्थिर झालं, आणि ती इंग्रजी सूचना मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

ती म्हणत होती : समोरच्या मेल खात्याचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही.

अजून लागू नाही? मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडं बघितलं. वेळ बरोबर. त्यावर टिचकी मारली तेव्हा तारीख उघडली. जानेवारी! बाहेर उन्हानं पत्रे तडतडतायत आणि हा लेकाचा आत शेकोटी पेटवून बसलाय!

तेव्हा सगळा उलगडा झाला. मेल खातं आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतं, आणि ते दर काही दिवसांनी नवीन काढतं. नवं प्रमाणपत्र मार्चमध्ये निघालेलं. आमचा कॉम्प्युटर जानेवारीत. त्याच्या दृष्टीनं समोरचा माणूस अजून जन्मायचाय आणि दाखला घेऊन दारात उभा! कोण आत घेईल? यानं दार लावून घेतलं, ते लावलंच.

मला वाटलं, आतली बॅटरी मेली. कॉम्प्युटरमध्ये नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती तारीख धरून ठेवते. मी धावत जाऊन बाजारातून नवी आणली, झाकण उघडलं, बसवली, आजची तारीख लावली. आता प्रोग्राम उघडणार तोच लाईट गेली. गेली ती गेलीच. मी काकूंना छाती फुगवून सांगितलं, "काकू, उद्या सकाळी टपाल आलं नाही तर नाव बदला."

सकाळी गेलो. तारीख बघितली. जानेवारी.

मी त्या दुकानदाराकडं असा गेलो, असा गेलो, की वाटेत ट्रॅफिक पोलिसानं मला आपण होऊन रस्ता मोकळा करून दिला. त्याच्या काउंटरवर बॅटरी आदळून मी जे बोललो ते छापण्याजोगं नाही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बॅटरी टवटवीत आहे." यंत्र लावून दाखवली. खरंच टवटवीत. मला वाटलं आता भगत बघावा.

परत आलो तर काकू अंगणात गहू पाखडत होत्या. मी पायरीवर धपकन बसलो. अहाहा, काय सुख बसण्याचं!

"काकू, तुमच्या कॉम्प्युटरला बाधा झाली. तारीख लावली की आपोआप मागं जाते."

"आपोआप कशाला जातीया?" काकू सूप झटकत म्हणाल्या. "ह्येच करत्यात की मागं. रोज सांजच्याला. काल रातीला लाईट आल्यावर बघितलं, म्हनले बाळ्यानं तारीख बदलली, त्याला काय समजतंय, आन् केली परत मागं."

मी उठलो. आप्पा खोलीत, खुंटीला हात, डोलणं चालू.

"आप्पा! तारीख तुम्ही मागं करता?"

"करतो."

"का?"

"सेट संपला नाही म्हणून."

मी कपाळाला हात लावला. आप्पांनी मला शांतपणे, अडाणी माणसाला सांगावं तसं सांगितलं. टपालडब्यात एका फेरीला सेट म्हणत. फेरी ज्या तारखेला निघाली तीच तारीख शिक्क्यावर राहायची. गाडी राहुरीला असताना रात्रीचे बारा वाजून गेले तरी शिक्का बदलायचा नाही. हातातलं टपाल संपलं, हिशेब लागला, मगच तारीख पुढं.

"मी शेखसाहेबांना पत्र टाकलं त्या दिवशी सेट निघाला," आप्पा म्हणाले. "पोच आली नाही. म्हणजे काम शिल्लक. काम शिल्लक असताना तारीख बदलली तर ते पत्र कालचं होतं. मग परवाचं. मग कुणी विचारत नाही त्याला. मी धरून ठेवली तारीख."

"आणि नेटवरून तारीख आपोआप लागायची सोय होती ती?"

"ती मी बंद केली. विचारल्याशिवाय तारीख बदलते म्हणजे काय!"

"अहो आप्पा!" माझा आवाज कुलकर्णीवहिनींच्या ओट्यापर्यंत गेला असणार, कारण तिकडं उलथनं पडल्याचं ऐकू आलं. "तुम्ही जानेवारी धरून बसलात म्हणूनच टपाल येत नाहीये! त्यांची पोच येईल म्हणून तुम्ही थांबलाय, आणि दार तुम्हीच आतून लावून घेतलंय!"

मी त्यांना प्रमाणपत्राचं समजावलं. जन्माच्या आधीचा दाखला, सगळं. आप्पांचं डोलणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं. गाडी फलाटाला लागावी तसे ते दोन्ही पायांवर सरळ उभे राहिले.

"म्हणजे त्यांनी लिहिलं असेल?"

"असेल."

"आणि दारातून परत गेलं?"

"परत नाही गेलं. बाहेरच्या पेटीत पडून असेल."

"कर," आप्पा म्हणाले. "आजची तारीख कर."

मी केली. प्रोग्राम उघडला. दोन क्षण काही नाही. मग धरणाचा दरवाजा उचलावा तशी मेल कोसळायला लागली. कर्ज घ्या, चष्मा घ्या, गुडघ्याचं तेल घ्या. आणि डाव्या अंगाला पुणतांब्याच्या खान्यापुढं एक आकडा चढायला लागला.

आप्पांनी मला बाजूला सारलं आणि सगळ्यात जुनी, मार्चमधली, उघडली.

"झोपलो नव्हतो. — शेख, पुणतांबा."

"थापा!" आप्पा गरजले. काकू सूप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

दुसरी : "डोळे मिटले होते, हे मान्य. — शेख."

"बघ! बघ!"

तिसरी : "बरं, झोपलो होतो. कबूल. पोच पाठवावी. — शेख."

आप्पांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडं बघितलं, पण "बॅग बंद" काही म्हणाले नाहीत. चौथी उघडली.

"कबुली पोचली का? आपले उत्तर नाही. — शेख."

पाचवी : "मी झोपलो होतो, हे पुन्हा लिहितो. आता तरी लिहा."

सहावी : "आप्पा, तब्येत?"

त्यानंतर एकच उरली होती, नुकतीच आलेली. आप्पांनी ती उघडली, पहिली ओळ वाचली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"हे माझं नाही."

"अहो, तुमच्याच खान्यात पडलंय."

"वर काय लिहिलंय वाच."

मी वाचलं. वर लिहिलं होतं : 'जो कोणी हा कॉम्प्युटर उघडेल त्यास.'

"उघडला कुणी? तू," आप्पा म्हणाले. "मी दुसऱ्याचं टपाल उभ्या जन्मात वाचलं नाही. हे तुझं." आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग तसेच पाठमोरे, "मनात वाचायचं का मोठ्यानं, ते मात्र तुझं तू ठरव."

मी मोठ्यानं वाचलं.

"श्री. भिंगारदिवे यांजकडून बरेच दिवस उत्तर नाही. ते रागावले असल्यास हरकत नाही. गेले असल्यास कृपया कळवावे. मला ऐकू येत नसल्याने फोन करू नये, लिहावे. डब्यात मला नेहमीच झोप लागे. मी झोपलो की माझे खाने तेच लावीत आणि त्यांनी हे वर कधी कळवले नाही. हे त्यांना एकदा लिहायचे होते, पण भांडणात राहून गेले. ते असल्यास त्यांना सांगावे. नसल्यास हे पत्र रद्द समजावे. — शेख, पुणतांबा."

 काकूंनी पदर तोंडाला लावला.

"आवं मानसा," त्या म्हणाल्या, "जित्ता हायेस म्हनून कळव की त्याला."

"पत्र बाळ्याला आलंय. उत्तर बाळ्याच देईल."

मी घडवंचीपुढं उभा राहिलो आणि लिहिलं, "मा. शेखसाहेब, श्री. भिंगारदिवे आहेत. प्रकृती ठणठणीत. कॉम्प्युटरची तारीख चुकल्यामुळे आपली पत्रे अडकली होती." आणि वाचून दाखवलं.

"चुकली नव्हती. धरून ठेवली होती. दुरुस्त कर."

मी दुरुस्त केलं. "आपला निरोप त्यांना सांगितला," असंही घातलं. पाठवायच्या बटणावर बाण नेला.

"थांब," आप्पा भिंतीला म्हणाले. "एक ओळ घाल."

"सांगा."

 बाहेर जयंतीच्या मांडवाचे बांबू टेम्पोतून उतरवत होते, त्यांचा खडखडाट तेवढा येत होता.

"लिही," आप्पा म्हणाले. "भिंगारदिवे यांना इकडं करमत नाही."

मी वळून बघितलं. पाठ तशीच, ताठ.

"हे तुमच्या नावानं घालू?"

"माझ्या नावानं कशाला? तुझं निरीक्षण म्हणून लिही."

मी लिहिलं, आणि खाली सही माझी केली.